वहीत न लिहिलेली थंडी

मित्रांनो, मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बोलता बोलता माझा आवाज बसला तर तुम्ही रागावणार नाही. मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, थंडीची. पाण्याच्या टाकीचे बरे असते, तिच्यावर कावळा तरी येऊन बसतो. माझ्या अंगाला हातमोज्यांशिवाय कुणी हात लावत नसे. आता तर हातमोजे घालूनही कुणी लावत नाही.

सध्या मी एका संशोधन संस्थेच्या बोळात, प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभी आहे. डाव्या हाताला तीन पायांची खुर्ची, उजव्या हाताला बंद पडलेला प्रिंटर. माझ्या गळ्यात 'बाद' अशी चिठ्ठी अडकवली आहे. भंगाराची गाडी येईपर्यंत वेळ आहे, तर म्हटले तुमच्याशी चार शब्द बोलून घ्यावेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची दोन मोठी भांडी, एकात एक बसवलेली. मधली सगळी हवा यंत्राने शोषून काढली आणि तोंड कायमचे बंद केले. तुमच्या घरी चहाचा थर्मास असतो ना, त्याचीच मी थोरली बहीण. दोन भिंतींच्या मध्ये काहीही नसणे, हवासुद्धा नसणे, एवढेच माझे भांडवल. त्यामुळे बाहेरची ऊब आत येत नाही.

माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन ओतत. त्याच्यापुढे फ्रीजमधला बर्फ म्हणजे भर दुपारचे ऊन. या थंडीत जिवंत पेशी मरत नाहीत, झोपतात. वर्षानुवर्षे झोपतात. थंडी कमी झाली की मात्र त्यांची झोपमोड होते आणि त्या बिघडतात. झोपमोड झालेला माणूस चिडचिड करतो आणि चहा पिऊन ताळ्यावर येतो. पेशीचे तसे नसते. ती बिघडली की बिघडली.

मी इथे आले तेव्हा संस्थेत मूलपेशींचे काम चाले. आपल्या हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत मूलपेशी असतात आणि त्या जन्मभर नवे रक्त तयार करत राहतात. आजाराने एखाद्याची अस्थिमज्जा निकामी झाली, की त्याच्या भावाच्या किंवा बहिणीच्या मूलपेशी काढून त्याला देत. देण्याचा दिवस उजाडेपर्यंत त्या माझ्या पोटात झोपत. किती भावंडे मी अशी सांभाळली, त्याची गणती नाही. एकदा एका समारंभात मोठ्या साहेबांनी माझे झाकण उघडले. पांढरा धूर बाहेर आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धूर माझा, टाळ्या साहेबांना. पण वार्षिक अहवालात माझा फोटो आला होता, हे खरे आहे.

ज्या आठवड्यात मी आले, त्याच आठवड्यात काकू नोकरीला लागल्या. त्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. तेव्हा त्यांना कुणी काकू म्हणत नसे. बावीस वर्षांत त्या 'ताई'च्या 'काकू' झाल्या आणि मी नव्या टाकीची जुनी टाकी झाले. नायट्रोजन आपोआप उडून जातो, म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी मला भरावे लागे. भरून झाले की काकू एक लांब काठी माझ्या पोटात उभी धरत, मनात वीस आकडे मोजत, मग बाहेर काढून हवेत हलवत. जिथवर काठी बुडालेली, तिथवर तिच्यावर पांढरी हिमाची साय धरे. काकू तो आकडा वहीत लिहीत. मोजायचे ते भरल्यानंतरच, ही आमच्याकडची पद्धत. भरण्याआधी मोजले तर झाकण दोनदा उघडावे लागते आणि थंडी वाया जाते, असे पहिल्या साहेबांचे म्हणणे होते. ते साहेब केव्हाच निवृत्त झाले, पण पद्धत राहिली.

पुढे संस्थेत नव्या संशोधनाचे वारे आले. ते चालवणाऱ्या डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. आपल्या रक्तात काही पेशी पहारेकऱ्यांसारख्या फिरत असतात. आत शिरलेल्या चोराला धरायचे त्यांचे काम. पण रक्ताचा कॅन्सर हा घरचाच चोर. तो घरातल्या माणसांसारखा वावरतो आणि पहारेकरी त्याला रामराम करून पुढे जातात. मोठ्या बाईंचे म्हणणे असे, की रुग्णाच्याच रक्तातले पहारेकरी बाहेर काढावेत, त्यांना चोराचा चेहरा शिकवावा, त्यांची संख्या वाढवावी आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडावेत. शिकवून तयार झालेले पहारेकरी मधल्या काळात ठेवायचे कुठे? माझ्या पोटात. कुणाला गुण आला, कुणाला नाही आला. मी काही बोलले नाही. मला कुणी विचारलेही नव्हते.

याच संशोधनात एक ग्रंथपाल बाई आल्या. एका शाळेच्या वाचनालयात त्यांची सारी नोकरी गेली होती. आजार दोनदा बरा झाला होता आणि तिसऱ्यांदा परत आला होता. त्यांचे पहारेकरी तयार झाले, एका छोट्या पिशवीत भरले आणि माझ्यात आले. पण ऐनवेळी त्यांच्या छातीत जंतूंचा संसर्ग झाला. तो पूर्ण बरा झाल्याशिवाय पेशी देता येईनात. एके दिवशी त्या धाकट्या बहिणीला घेऊन प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या पेशी कुठं ठेवल्यात, ते तरी दाखवा," त्या म्हणाल्या.

काकूंनी माझ्याकडे बोट केले.

"या डब्यात? बघ गं, आपल्याला पंखा लागत नाही आणि यांचा थाट बघ!" त्या बहिणीला म्हणाल्या. मग काकूंना म्हणाल्या, "नीट सांभाळा हं. दुसरी प्रत नाहीये याची."

ते अक्षरशः खरे होते. इतक्या औषधांनंतर त्यांच्या रक्तात पुन्हा पिशवी भरावी इतके पहारेकरी उरलेच नव्हते. मोठ्या बाईंनी हे काकूंना आधीच सांगितले होते. त्या दिवसांत माझ्यात अभ्यासाचे जुने नमुने होते आणि जिच्यावर कुणाचा जीव टांगलेला होता अशी ही एकच पिशवी होती.

आणि नेमकी तेव्हाच मी म्हातारी होऊ लागले. माझ्या दोन भिंतींच्या मध्ये कुठून तरी केसाएवढी फट पडली आणि थोडी थोडी हवा शिरू लागली. पूर्वी चार दिवस पुरणारी थंडी दोन दिवसांत उतरू लागली. माझी धोक्याची घंटा तर कधीच बिघडली होती. ती उगाचच वाजायची म्हणून कुणीतरी बंद केली आणि तिच्यावर 'दुरुस्तीला सांगितले आहे' असा कागद चिकटवला. तो कागद पिवळा पडला, तरी दुरुस्तीवाला आला नाही.

काकूंच्या हे पहिल्यांदा लक्षात आले. एका बुधवारी त्यांनी सहज काठी घातली, तर तिच्यावर जेमतेम चार बोटे साय धरली. दार लोटून घेतले, नळी लावली आणि मला भरून टाकले. वही उघडली, पेन काढले, आणि वही मिटून ठेवली.

"दोन महिने काढ गं," त्या मला म्हणाल्या. "तेवढ्यात नवी येतेय."

नवी टाकी आली होतीच. शेजारच्या खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी होती, पण तिच्या चाचण्यांचे कागद व्हायचे होते. माझा आजार वहीत लिहिला असता, तर नियमाप्रमाणे मी त्याच दिवशी बाद झाले असते. मग सगळे काम थांबले असते, चौकशी बसली असती आणि ग्रंथपाल बाईंची पाळी कुठल्या कुठे गेली असती. काकूंनी त्यांच्यासाठीच लपवले. थोडे माझ्या मायेपोटीही लपवले, हे मी नाकबूल करणार नाही. तेव्हापासून त्या मला रोज भरत. वहीत मात्र सोमवार आणि गुरुवार एवढेच. वही बघणाऱ्याला वाटावे, टाकी अगदी ठणठणीत आहे. झाकली मूठ म्हणतात ना, तसे आमचे दोघींचे चालले होते. मला तेव्हा ते फार बरे वाटत होते.

सहा आठवडे असे गेले. मग काकू जिन्यात पाय घसरून पडल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला.

त्यांच्या जागी एक तंत्रज्ञ आले, पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. पस्तिशीचे, अतिशय नीटनेटके. टेबलावर पेन, पेन्सिल, पट्टी, खोडरबर सगळे एका रेषेत लावून ठेवत, म्हणून सगळे त्यांना कंपास म्हणत. कंपासांनी आल्याआल्या वही पहिल्या पानापासून वाचून काढली. सोमवार, गुरुवार. सोमवार, गुरुवार. त्यांना फार आनंद झाला.

दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन आला. हातात हातमोजे होते म्हणून कंपासांनी तो स्पीकरवर लावला.

"कंपास, टाकीकडे बघत जा रे."

"काकू, वहीत सगळं आहे की. तुम्ही आराम करा."

"तसं नाही, रोज बघ एकदा."

"रोज कशाला? झाकण उघडलं की थंडी जाते. तुम्हीच शिकवलंत."

मग काकू म्हणाल्या, "बरं, बघ तरी," आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, पुन्हा तेच बोलणे झाले. खरी गोष्ट त्यांच्या ओठांवर आली आणि परत गेली. बावीस वर्षांच्या नोकरीत ज्यांची वही दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवत, त्यांना ती खोटी आहे हे फोनवर कसे सांगवणार? मला त्यांचा राग आला नाही. पण मी बोलू शकले असते, तर मी बोलले असते.

कंपास सोमवारी मला काठोकाठ भरत, काठीने मोजत, वहीत आकडा लिहीत. बुधवारपर्यंत माझ्या तळाशी चार बोटे उरत, रविवारपर्यंत जेमतेम दोन. गुरुवारी पुन्हा भरायला बसले की दुप्पट वेळ लागे. कंपास म्हणत, "सिलेंडरचा दाब कमी दिसतोय." माझ्या पोटाला बाहेरून पाणी सुटू लागले आणि ओघळून फरशीवर येऊ लागले. साफसफाई करणारे मामा रोज ते पुसत.

"दादा, टाकीला घाम येतोय बघा," मामा म्हणाले.

"एसीचं पाणी असेल, मामा."

"एसी त्या भिंतीला आणि पाणी या भिंतीला? पाणी काय चालत येतं काय?"

कंपास हसले आणि आपल्या कामाला लागले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास होता, आणि लिहिलेले खोटे असेल असे त्यांना वाटायचे कारणच नव्हते. मी मात्र आत उतरत चालले होते. पिशवीच्या आजूबाजूची थंडी बुधवारी आणि रविवारी थोडी सैल पडे आणि मला भरले की पुन्हा आवळे. असे वरखाली होणे पेशींना सोसत नाही. सांगायचे कुणाला? मला घाम गाळण्यापलीकडे काही येत नव्हते, तेवढे मी करत होते.

दुसऱ्या बुधवारी सकाळी मामांनी ओले फडके पिळून माझ्या अंगावर टाकले आणि ते बादली आणायला गेले. परत येऊन बघतात तर फडके निघेना. त्यांनी ओढले, जोर लावून ओढले, शेवटी ते कंपासांना हाताला धरून घेऊन आले.

"दादा, एसीच्या पाण्यानं फडकं चिकटतं का?"

कंपासांनी फडक्याला हात लावला. ते पापडासारखे कडक झाले होते. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बुधवार असूनही त्यांनी झाकण उघडले, काठी घातली, वीस आकडे मोजायचेही त्यांना सुचले नाही. काठीवर जेमतेम तीन बोटे पांढरे होते.

पेशी ने-आण करायचा एक प्रवासी डबा असतो, माझेच लहान भावंड. तो भरून तयार होता. पाच मिनिटांत पिशवी त्याच्यात गेली. पण डब्याची थंडी दहाच दिवस टिकते. प्रत्येक पिशवीशेजारी तिच्याच पेशींची एक छोटी कुपी ठेवलेली असते, तपासण्यासाठी. मोठ्या बाईंनी ती स्वतः उघडली, त्यात निळा रंग घातला आणि त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मेलेली पेशी रंग पिते आणि निळी होते, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. बाईंनी तीनदा मोजले. शंभरात सहासष्ट जिवंत होत्या. आमच्या नियमात निदान सत्तर लागतात.

दुपारी काकू कुबडी टेकत आल्या. कुणी बोलावले नव्हते, मामांनी फोन केला होता. त्यांनी मोठ्या बाईंसमोर सगळे सांगितले. एकही सबब सांगितली नाही.

"हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते ऐकायला जास्त कठीण गेले.

"वाटलं, निभावून नेईन."

"तुम्ही निभावलंत हो. पण तुमच्या मागं जो आला, त्याच्या हातात खोटी वही दिलीत. त्यानं काय करायचं?"

काकू खाली बसल्या, त्यांनी वही मांडीवर घेतली आणि लाल पेनाने सहा आठवड्यांतला एकेक न लिहिलेला दिवस, 'भरली, नोंद केली नाही' असे लिहून पुढे सही करत गेल्या. कंपास शेजारी उभे राहून तारखा सांगत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आपण काठी एकदा आधी घालून बघितली असती तर, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग त्यांनीच वहीत एक नवा रकाना आखला, भरण्यापूर्वीच्या मापाचा.

ग्रंथपाल बाईंना सांगणे भागच होते. मोठ्या बाई म्हणाल्या, मी सांगते. काकू म्हणाल्या, नाही, मी सांगणार. ग्रंथपाल बाई चाकाच्या खुर्चीतून आल्या, बहीण खुर्ची ढकलत होती. संसर्ग बरा झाला होता, पण त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. काकूंनी काचेच्या अलीकडे, माझ्याशेजारी उभे राहून सगळे सांगितले. बहिणीने तोंडाला पदर लावला.

"शंभरातल्या सहासष्ट," ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या. "आणि पास व्हायला सत्तर."

"हो."

"नाही दिल्या तर दुसरं काय आहे?"

मोठ्या बाईंनी मान हलवली. "दुसरं काही नाही. संस्थेच्या समितीकडून खास परवानगी मागता येईल, पण उपयोग होईलच असं मी म्हणणार नाही."

ग्रंथपाल बाई काकूंकडे वळल्या. "मला तुमचा राग आलाय," त्या म्हणाल्या. "खूप आलाय. पण माझ्यासाठी जाग्या राहतील अशा सहासष्ट असतील तर त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं? द्या."

परवानगी आली आणि आठव्या दिवशी पिशवी डब्यातून निघून ग्रंथपाल बाईंच्या शरीरात गेली. मला रिकामे करून या बोळात आणून ठेवले. काकूंचे मोजायचे काम काढून घेतले, त्यांना कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवले. त्यांनी तक्रार केली नाही.

आता पुढचे नीट ऐका. शिकवलेले पहारेकरी शरीरात जाऊन चोराला ओळखतात, त्याच्याशी झुंजतात आणि वाढू लागतात, तेव्हा माणसाला ताप चढतो. म्हणून त्या एका खाटेभोवती सगळे तापाची वाट बघत होते. पहिल्या दिवशी ताप नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी काकूंनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. सातव्या दिवशी कंपासांनी पेने रेषेत लावणे सोडून दिले होते. आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वॉर्डातून फोन वाजला. काकूंनी ऐकला, ठेवला, आणि दारातून बाहेर येऊन भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडू लागल्या.

मामा धावत आले. "काय झालं हो?"

"ताप आला तिला! एकशे दोन आला!"

"अहो मग रडता काय? डॉक्टरांना सांगा, गोळी द्यायला लावा!"

"नको नको," काकू रडता रडता हसत होत्या. "मामा, आमच्या पोरी जाग्या झाल्या!"

मित्रांनो, ताप म्हणजे बरे होणे नव्हे. पुढचे दहा दिवस ग्रंथपाल बाईंना फार जड गेले. महिन्याने तपासणी झाली, तेव्हा आजार दिसला नाही. मोठ्या बाई 'आत्ता दिसला नाही' असे म्हणतात, 'गेला' असे म्हणत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. सहासष्टऐवजी नव्वद जाग्या झाल्या असत्या तर ताप लवकर आला असता का, बाईंचे हाल कमी झाले असते का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

गाडीचा आवाज येतो आहे. माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरातले जुने यंत्र असो, नाहीतर थकलेले माणूस असो, त्याला जपा, पण त्याचे दुखणे झाकून जपू नका. ज्याच्या हाती ते उद्या जाणार आहे, त्याला सांगून ठेवा. काकूंनी माझ्यावर बावीस वर्षे माया केली, रोज येऊन मला भरले, माझी लाज राखली. मला त्यातले काहीही नको होते. 'टाकी उतरते आहे', एवढी एक ओळ हवी होती.